मुंबईतले चिनी जेवण : कोठे आणि कसे

मांडव्याहून सुटलेली लाँच गेटवेला लागली की आपल्या बाजूचा माणूस आधी घड्याळाकडे पाहतो आणि मग पोटाकडे. काम कोर्टाचे असो, इस्पितळाचे असो की लग्नाच्या खरेदीचे असो, दुपारी जेवायचे कोठे हा प्रश्न त्याला चुकत नाही. पूर्वी त्याचे उत्तर ठरलेले असे. कोणी ओळखीची खाणावळ गाठी, तर कोणी इराण्याकडे ब्रून-मस्का आणि चहा घेऊन वेळ भागवी. आता बरोबर मुले असली म्हणजे ती एकमुखाने सांगतात, "चायनीज!" आणि वडील माणूस गोंधळात पडतो. चायनीज हा शब्द त्याला नवा नसतो. अलिबागच्या समुद्रावर संध्याकाळी ज्या गाड्या लागतात, त्यांच्यावर तांबड्या अक्षरांत तोच लिहिलेला असतो. पण एवढ्या अफाट मुंबईत चांगले चिनी जेवण कोठे मिळते, आणि समोर आलेले जेवण चांगले आहे हे ओळखायचे कसे, हे त्याला कोणी कधी सांगितलेले नसते.

आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी मला नेमके हेच विचारले आणि वर म्हणाले, "दोन चार पत्ते लिहून द्या, म्हणजे झाले." पत्ते लिहून देणे अवघड नव्हते. पण नुसत्या पत्त्याने काम भागत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवाने शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी घरच्या पाहुण्यांना घेऊन मी मुंबईतल्या एका नामांकित चिनी उपाहारगृहात गेलो होतो. त्याचे नाव सांगत नाही, कारण दोष त्यांच्यापेक्षा माझाच अधिक होता. पदार्थांची लांबलचक यादी पाहून मी भांबावलो आणि ओळखीची वाटली ती पाच नावे सांगून मोकळा झालो. पाच पदार्थ आले. पाचही तांबडे, पाचही दाट रश्श्यातले, पाचांतही लसूण आणि मिरची यांचाच अंमल. पाहुण्यांत एक आजी होत्या. त्यांनी एकेकाची चव घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, "ह्या सगळ्यांची आई एकच दिसते!"

आजींचे म्हणणे खरे होते, आणि त्या दिवसापासून मी ह्या विषयाच्या मागे लागलो. मला जे समजले त्याचे सार असे की, मुंबईत चिनी जेवणाचे स्वयंपाकघर एक नाही, तीन आहेत. तिघांचे कूळ वेगळे, तिघांची परीक्षाही वेगळी. आपण कोणत्या स्वयंपाकघरात बसलो आहोत हे ज्याला कळले, त्याला जेवण बहुधा चांगलेच मिळते. ज्याला हे कळले नाही, त्याने कितीही पैसे मोजले तरी त्याच्या वाट्याला तो एकाच आईचा तांबडा रस्सा येतो.

वस्तुतः 'चिनी जेवण' हा शब्दच फसवा आहे. पेणचा माणूस, पतियाळाचा माणूस आणि तंजावरचा माणूस यांच्या ताटांना मिळून 'हिंदुस्थानी जेवण' म्हणण्यासारखेच ते आहे. दक्षिणेकडच्या ग्वांगडोंग प्रांतात, म्हणजे जुन्या कॅन्टनच्या मुलखात, भात आणि मासळी खातात, मसाला बेताने वापरतात आणि पदार्थाची मूळ चव राखण्यास जपतात. हा मुलूख समुद्रकाठचा असल्याने तो आपल्याला चटकन समजावा. आत दूरवर, डोंगरांनी वेढलेल्या सिचुआन प्रांतात हवा दमट आणि जेवण झणझणीत. उत्तरेत गव्हाचे पदार्थ. आणि हाक्का नावाचे लोक स्थलांतर करीत करीत दक्षिणेत आले, त्यांची रीत आणखी निराळी. आपण ज्यांना हाक्का नूडल्स म्हणतो, त्यांचे नाव ह्याच लोकांवरून पडले.

ह्यांपैकी मुंबईत प्रथम आले ते बहुतांशी कॅन्टनकडचे लोक. मुंबई आणि कॅन्टन यांचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गोद्यांतून कापूस आणि माळव्याची अफू भरून गलबते कॅन्टनला जात, आणि येताना रेशीम, चहा आणि चिनी मातीची भांडी आणीत. सर जमशेटजी जीजीभाई यांची संपत्ती ह्याच व्यापारातली. जहाजे जातात तेथे खलाशी जातात, आणि खलाशी येतात त्यांतले काही उतरून राहतात. मुंबईचे चिनी लोक राहिले ते गोदीच्या आसपास माझगावात, आणि कामाठीपुऱ्याजवळच्या शुक्लाजी स्ट्रीटच्या बाजूला. कलकत्त्यात त्यांची वस्ती याहून जुनी आणि मोठी. तेथे अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग आच्यू नावाच्या चिनी गृहस्थाने साखरेचा कारखाना काढला होता, आणि त्याच्या नावावरून त्या गावाला आजही अचिपूर म्हणतात. पुढे कलकत्त्यात कॅन्टनकडच्या लोकांनी सुतारकी धरली, हाक्कांनी चामड्याचा धंदा धरला, हुपेइ प्रांतातल्यांनी दात बसवण्याचा. मुंबईतही जुन्या पिढीला चिनी दंतवैद्य आणि चिनी बूटवाला ठाऊक होते. खानावळ हा ह्या सगळ्यांच्या मागून आलेला धंदा. आपल्या माणसांना आपल्या चवीचे जेवण हवे, म्हणून तो निघाला.

आता हे पहिले स्वयंपाकघर. याला मी कुटुंबाचे स्वयंपाकघर म्हणतो. कुलाब्याला गेटवेजवळ लिंग कुटुंबाचे 'नानकिंग' होते, चर्चगेटला 'कामलिंग' होते. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत चिनी जेवणाची गोडी लावली ती अशा जागांनी. 'नानकिंग' पुढे बंद झाले. त्याच लिंग कुटुंबातल्या पुढच्या पिढीने नव्वदच्या दशकाच्या आरंभी रीगल सिनेमाच्या मागच्या बाजूस 'लिंग्ज पॅव्हिलियन' काढले. गेटवेला लाँचमधून उतरणाऱ्या माणसाला ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

अशा ठिकाणी परीक्षा कशाची घ्यावी? वाफवलेल्या मासळीची. आपण समुद्रकाठचे लोक. कल्ला लाल आहे की नाही, डोळा स्वच्छ आहे की गढूळ, बोट दाबले तर मांस वर येते की नाही, हे आपल्या घरातल्या बायका मासळीबाजारात क्षणात पाहतात. तीच विद्या येथे उपयोगी पडते. तांबड्या रश्श्यात तीन दिवसांची मासळीही खपून जाते, पण वाफेवर शिजवलेल्या मासळीला लपायला जागा नसते. कॅन्टनची रीत अशी : ताजे पापलेट किंवा तशीच एखादी मासळी आल्याचे पातळ काप घालून थोडीच मिनिटे वाफवायची, सुटलेले पाणी टाकून द्यायचे, वर आल्याच्या सळ्या आणि कांद्याची पात पसरायची, कडकडीत तेल ओतायचे आणि शेवटी सोयाचा रस घालायचा. मसाला म्हणाल तर एवढाच. पहिला घास खाऊन पुष्कळांना वाटते, यात काय आहे? तिसऱ्या घासाला कळते की यात मासळी आहे. म्हणून टेबलाशी बसल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो हा : "आज मासळी कोणती आली आहे?" वाढपी आत जाऊन विचारून आला तर समजावे, जागा बरी आहे. "सगळी आहे," असे त्याने जागच्या जागी सांगितले, तर कोंबडी मागवावी.

दुसरे स्वयंपाकघर मोठ्या हॉटेलांचे. ताजमहाल हॉटेलात १९७३ साली 'गोल्डन ड्रॅगन' सुरू झाले आणि सिचुआन पद्धतीचे तिखट चिनी जेवण मुंबईच्या टेबलावर आले. तोवर चिनी जेवण म्हणजे सौम्य, थोडेसे गोडसर, अशीच समजूत होती. आपल्या जिभेला हे तिखट एकदम मानवले. ताजच्या दारातले हे नाव मग रस्त्यावर उतरले, आणि उतरताना 'सिचुआन'चे 'शेजवान' झाले. आज अलिबागच्या गाडीवर आणि माणगावच्या एस. टी. स्थानकासमोर जी शेजवान चटणी मिळते तिचे हे कूळ.

पण येथे एक गंमत आहे. आपल्या शेजवान चटणीत लाल मिरची, लसूण, आले आणि व्हिनेगर असते. सिचुआनच्या जेवणाची खरी खूण मात्र मिरची नव्हे. मिरची मुळात अमेरिकेतली, ती चीनला जशी बाहेरून आली तशीच आपल्यालाही आली. सिचुआनची स्वतःची वस्तू म्हणजे एका काटेरी झाडाचे लहान, तांबूस, उकललेले फळ. ते चावले की जिभेला मुंग्या येतात आणि ओठ क्षणभर बधिर होतात. बी टाकून द्यायचे आणि टरफल वापरायचे. हे ऐकून तळकोकणातला माणूस म्हणेल, "अहो, हे तर आमचे तिरफळ!" त्याचे म्हणणे जवळजवळ बरोबर आहे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने सिचुआनचे ते फळ आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याकडे बांगड्याच्या कालवणात घालतात ते तिरफळ ही एकाच झँथॉक्झायलम कुळातली भावंडे आहेत. म्हणजे ज्या शेजवान चटणीला आपण चिनी म्हणतो तिच्यात चीनची खूण नाही, आणि ज्या बांगड्याच्या कालवणाला आपण शुद्ध कोकणी म्हणतो त्यात सिचुआनचे भावंड आहे! तेव्हा ह्या दुसऱ्या स्वयंपाकघराची परीक्षा सोपी. सिचुआनचा म्हणून जो पदार्थ आणला त्याने जीभ नुसती भाजली तर तो मुंबईचा, आणि भाजून वर मुंग्याही आल्या तर तो सिचुआनचा.

तिसरे स्वयंपाकघर आपले स्वतःचे. याच्याबद्दल बोलताना काही शिष्ट लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. मांचुरियन घ्या. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येचा मुलूख, आणि तेथे हा पदार्थ कोणाच्या गावीही नाही. तो जन्मला मुंबईत. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वँग हे चिनी वंशाचे स्वयंपाकी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करीत होते. कोणी तरी त्यांच्याकडे काही तरी नवे मागितले. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी की, आले, लसूण, हिरवी मिरची असे आपल्याकडचे नेहमीचे वाटण त्यांनी घेतले, पण पुढे गरम मसाल्याऐवजी सोयाचा रस घातला, कॉर्नफ्लोअर लावून रस दाट केला आणि त्यात कोंबडीचे तळलेले तुकडे सोडले. पुढे केम्प्स कॉर्नरला त्यांनी 'चायना गार्डन' काढले आणि मोठा नावलौकिक मिळवला. त्यांच्या मांचुरियनने मात्र त्यांच्यापेक्षाही लांबचा पल्ला मारला. कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला, कोबीचे गोळे आले, आणि ज्या घरांत अंडेही चढत नाही त्या घरांत मांचुरियन पोहोचले.

ह्याला खोटे चिनी म्हणावे काय? बटाटा, मिरची, टोमॅटो ही सगळी बाहेरून आलेली मंडळी आपण घरात घेतली आणि त्यांच्या भाज्या केल्या. त्यांना आपण खोटे मराठी म्हणत नाही. हिंदुस्थानात जन्मलेल्या चिनी माणसाने हिंदुस्थानी जिभेसाठी केलेला पदार्थ हा हिंदुस्थानी चिनी पदार्थ आहे, आणि त्याला त्याच मापाने मोजावे. वरचे आवरण कुरकुरीत आहे काय, रस आवरणाला चिकटून आहे की खाली तळे झाले आहे, आणि आल्या-लसणाची फोडणी ताजी आहे की सकाळचीच गरम केली आहे, हे पाहावे. ह्या परीक्षेत कधी कधी गाडीवाला मोठ्या उपाहारगृहाला मागे टाकतो.

त्याचे कारण जाळ. चिनी परतण्याची सारी करामत जाळावर आहे. खोल, पातळ लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची, पदार्थ बारीक चिरून हाताशी ठेवायचे, आणि मिनिटा-दोन मिनिटांत उडवून उडवून परतून खाली उतरवायचे. म्हणजे भाजी शिजते पण तिचा करकरीतपणा जात नाही, आणि तापलेल्या लोखंडाचा एक किंचित धुरकट वास पदार्थाला लागतो. कॅन्टनचे लोक ह्याला 'वोक हे', म्हणजे कढईचा श्वास, म्हणतात. हा श्वास फार अल्पायुषी असतो. कढईतून ताटात आल्यावर काही मिनिटांत तो जातो. म्हणून चिनी परतलेला पदार्थ डब्यात भरून, लाँचमधून मांडव्यापर्यंत आणून, घरी गरम करून खाणे म्हणजे गाणे संपल्यावर गवयाला भेटण्यासारखे आहे. घरच्या मंडळींसाठी काही न्यायचे असेल तर दुसरे काही न्यावे. गाडीवाल्याकडे सामग्री साधी असेल, सोयाच्या नावाखाली पुष्कळदा नुसते रंगवलेले खारट पाणी असेल, पण जाळ मात्र दांडगा असतो आणि ताट कढईपासून हातभर अंतरावर. एवढी एक गोष्ट त्याने चीनकडून अस्सल उचलली आहे.

आता मागवायचे कसे, ते सांगतो. चिनी जेवणाची मांडणी आपल्या जेवणासारखीच आहे. त्यांच्यात दोन विभाग मानतात : एक 'फान', म्हणजे भात किंवा तत्सम अन्न, आणि दुसरा 'त्साय', म्हणजे भाताबरोबर खायचे सारे. ह्या दुसऱ्या शब्दाला मराठीत तंतोतंत प्रतिशब्द आहे : तोंडीलावणे. भात मुख्य, बाकीची तोंडीलावणी. म्हणून चांगल्या ठिकाणी भात मागवावा तो साधा, वाफाळलेला. आपण हौसेने फ्राइड राईस मागवतो. पण फ्राइड राईस म्हणजे चिनी घरातला फोडणीचा भात. आदल्या दिवशीचा थंड, मोकळा झालेला भात सकाळी परतून खायचा, ही त्याची मूळ कल्पना. तो रुचकर असतो यात वाद नाही, पण पाहुण्याला पहिल्या वाढीला आपण फोडणीचा भात वाढतो काय?

चार माणसे असतील तर पदार्थ चार घ्यावेत आणि ते सर्वांच्या मध्ये ठेवावेत. एक मासळी किंवा मांस, एक हिरवी पालेभाजी, एक टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, आणि एक पातळ सूप. ह्यांतला एकच तिखट असावा, एक वाफवलेला असावा, एकात दाट रस असावा, एक कोरडा असावा. आपल्या ताटात डावी बाजू आणि उजवी बाजू असते, कोशिंबीर असते, आमटी असते, ती ज्या धोरणाने, त्याच धोरणाने हे करावे. आमच्या आजींच्या तक्रारीचे उत्तर हेच आहे. पाच तांबडे रस्से मागवणारा माणूस पाच आमट्या वाढून घेणाऱ्यासारखा असतो.

शाकाहारी मंडळींना दोन शब्द. परतलेल्या हिरव्या भाजीवर जो काळसर, चकचकीत रस असतो तो पुष्कळदा ऑयस्टर सॉस असतो, आणि ऑयस्टर म्हणजे आपली कालवे. सूपचे पाणीही बहुधा कोंबडीच्या हाडांचे असते. भाजी दिसते म्हणून ती शाकाहारीच असेल असे समजू नये, आधी विचारावे. पण चिनी जेवण शाकाहाऱ्याला परके आहे असेही समजू नये. तिकडच्या बौद्ध मठांत शाकाहारी स्वयंपाकाची मोठी परंपरा आहे, आणि त्या स्वयंपाकात कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य मानतात. आपल्याकडच्या जैन गृहस्थाने कांदा-लसणाशिवाय चिनी पदार्थ मागितला तर शेजारच्या टेबलावरचे हसतात. हसू नये. तो नकळत एक जुनी चिनी रीतच मागत असतो.

अजिनोमोटोविषयी प्रश्न येतोच. हे द्रव्य चिनी नव्हे, जपानी शोध आहे. १९०८ साली टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्रवनस्पतीच्या काढ्यातून त्याची चव वेगळी काढली, आणि पुढच्या वर्षी ते बाजारात आले. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचे पत्र छापून आले. चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मानेला बधिरपणा येतो आणि छातीत धडधडते, असे त्यात होते, आणि शंकेच्या यादीत हेही द्रव्य होते. तेथून त्याची बदनामी सुरू झाली. पुढे काटेकोर प्रयोग झाले तेव्हा जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणात असा त्रास सातत्याने दिसून आला नाही. रक्तदाब असलेल्यांनी मिठाचा विचार करावा, तसा त्यातल्या सोडियमचाही करावा, हे मात्र खरे. माझी तक्रार वेगळी आहे. आळशी स्वयंपाकी ह्या चिमटीच्या जोरावर चांगले सूप काढण्याचे कष्ट वाचवतो. त्याच चवीसाठी जुने चिनी स्वयंपाकी सुकी कोळंबी उकळतात, आणि आपल्या घरी वांग्याच्या भाजीत सोडे घालतात. सोड्यांनी भाजीला जी चव येते तिचे मर्म तेच आहे.

आणि शेवटी चहा. दुधाचा नव्हे, नुसत्या पानांचा. तो जेवणाबरोबर घोट घोट प्यावा, म्हणजे तेलाचा चिकटपणा जातो. चहा हा आपला शब्दच चिनी 'चा'वरून आला. ज्यांनी तो दक्षिण चीनच्या आमॉय बंदरातून डचांच्या हाती घेतला ते तिकडच्या उच्चाराप्रमाणे 'टी' म्हणू लागले. चिनी जेवण आपल्याकडे काल परवा आले असे आपण म्हणतो, पण दिवसातून दोनदा आपण चीनचे नाव घेतच असतो. लोणच्याची बरणी चिनी मातीची आणि सकाळचा पहिला घोट चहाचा.

येथवर मी चवीविषयी बोललो. पण ज्यांच्या हातची ही चव, त्या माणसांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध झाले. महिनाभरात ते थांबले, पण हिंदुस्थानात राहणाऱ्या चिनी वंशाच्या लोकांवर त्याची सावली वर्षानुवर्षे राहिली. पिढ्यानपिढ्या येथे राहिलेल्या, येथेच जन्मलेल्या माणसांवरही संशय आला. आसाम आणि उत्तर बंगालच्या बाजूची सुमारे तीन हजार माणसे, त्यांत म्हातारी आणि मुले होती, राजस्थानातल्या देवळी येथील छावणीत नेऊन ठेवली. काहींना तेथे काही वर्षे काढावी लागली. इतरत्र लोकांना पोलिसांत नोंद करावी लागे, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. ज्यांना जमले ते देश सोडून गेले. मुंबईचीही चिनी वस्ती विरळ झाली, आणि आज थोडीच कुटुंबे उरली आहेत.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेथल्या जखमींची सेवा करता करता १९४२ साली तेथेच वारले. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला आणि आपण तो अभिमानाने पाहिला. आपला एक माणूस तिकडे गेला त्याची कथा आपल्याला पाठ आहे. तिकडची जी माणसे इकडे आली, येथे दात बसवून, बूट शिवून, कढई हलवून जगली, त्यांची कथा आपण विचारलीसुद्धा नाही. त्यांचे जेवण मात्र आपण इतके आपलेसे केले की आज गाडीवर कढई उडवणारा मुलगा मराठी असतो किंवा नेपाळी असतो, आणि त्याने चिनी माणूस जन्मात पाहिलेला नसतो. जेवण घरात आले आणि माणसे दाराबाहेर राहिली.

तेव्हा आमच्या आळीतल्या गृहस्थांना मी शेवटी पत्ते दिले ते असे. एखाद्या दिवशी मांडव्याहून गेटवेची लाँच न धरता रो-रोने जा. २०२० पासून ती भाऊच्या धक्क्याशी लागते. तेथून माझगावात, डॉकयार्ड रोड स्थानकाजवळ, नवाब टँक रोडवर एक लहानशी दुमजली वास्तू आहे. तिचे नाव सी यूप कून. सी यूप म्हणजे चार परगणे. कॅन्टनकडच्या त्या चार परगण्यांतून आलेल्या लोकांनी १९१९ साली हे देऊळ उभारले. वरच्या मजल्यावर क्वान कुंग या देवाचे स्थान आहे. हा मूळचा तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा एक सेनापती, आणि शब्दाला जागणारा म्हणून लोकांनी त्याला देव केले. घरापासून हजारो मैल दूर राहणाऱ्या खलाशांना असा देव जवळचा वाटला यात नवल नाही. माणसे असतील तर विचारून आत जा, आपल्या देवळात जसे वागता तसे वागा. चिनी नववर्षाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, उरलेली कुटुंबे तेथे जमतात.

मग कुलाब्याला जा, वाफवलेले पापलेट आणि साधा भात मागवा, आणि परतीची लाँच गेटवेवरून धरा. तिखट हवे असेल तर ताजच्या दारातून आत जा, जिभेला मुंग्या येतात की नाही ते पाहा. आणि मुले हट्टच धरतील तर संध्याकाळी अलिबागच्या समुद्रावर मांचुरियन खा, त्यातही कमीपणा काही नाही.

गृहस्थ जाऊन आले. देऊळ पाहिले, पापलेट खाल्ले. कसे काय वाटले म्हणून मी विचारले, तर म्हणाले, "मासळी झकास होती. आमच्या घरच्यांनी काल तशीच करून पाहिली. वरून तेवढे तिरफळ घातले."